आरसा नसलेला कॅमेरा

नेत्रा माझी भाची. पनवेलला नोकरी करते. त्या रविवारी तिने माझ्या टेबलावर दोन कॅमेरे ठेवले आणि म्हणाली, "मामा, यातला एक तुझा. दुसरा मी विकणार आहे. पुढच्या रविवारी येते, तोवर ठरव."

"तूच सांग ना कुठला."

"मी सांगितलं तर तू 'बरं' म्हणशील आणि वर्षभर मनात म्हणशील, दुसरा बरा होता."

हे खरं होतं, म्हणून मी दोन्ही कॅमेरे जवळ ओढले.

एक कॅमेरा साबणाच्या वडीएवढा, सदऱ्याच्या खिशात मावणारा. दुसरा मिररलेस, नवशिक्यांसाठीचा. त्याला पुढे वेगळं काढता येणारं भिंग, मागे उघडून फिरवता येणारी स्क्रीन आणि गळ्यात अडकवायला पट्टा. बरोबर माहितीपुस्तिका होती, ती मी पेन्सिलने खुणा करत दोनदा वाचली. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत आरसा असायचा, तो काढला म्हणून हा हलका झाला म्हणे. पट्टा गळ्यात घातल्यावर माझी मान जरा खाली गेली, पण हलकाच असेल.

मला फोटो हवा होता एकच. रेवदंड्याच्या बंदरावरच्या होड्यांची नावं आमचा बाळाजी पेंटर रंगवायचा. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. तो कानामागे ब्रश खोचून यायचा आणि खिडकीतूनच विचारायचा, "भाऊ, 'मूर्ती'चा मू पहिला का दुसरा?" मी कोश काढून सांगायचो. अक्षरं त्याची, ऱ्हस्व-दीर्घ माझं. गेल्या दिवाळीत बाळाजी गेला. यंदाच्या पावसाळी मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि एकेकीवरची त्याची अक्षरं खरवडली गेली. आता अलिबागहून रेडियमची अक्षरं कापून आणतात, ती रात्री चमकतात. गोदूबाईच्या होडीवरचं नाव तेवढं उरलं होतं, 'जीवनज्योति'. तेही तिचा मुलगा हितेश या आठवड्यात खरवडणार होता.

गोदूबाई तीस वर्षं आमच्या दारावर मासळी घेऊन येते. तिला "होडीचा फोटो काढू का?" एवढं विचारायचं होतं. आठ दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होतो. शिवाय आणखी एक अडचण होती. 'ज्योति'ची ति ऱ्हस्व मीच सांगितली होती. घरी येऊन नियम पाहिला तर शेवटची ति दीर्घ हवी. दरवर्षी बाळाजी रंग घेऊन यायचा, विचारायचा, "भाऊ, तीच ठेवू ना?" आणि सव्वीस वर्षं मी म्हणत आलो, "ठेव." चूक कबूल करायला दरवर्षी एक वर्ष जास्त उशीर झालेला असायचा.

मी वाचनालयातलं एक जुनं कार्ड घेऊन दोन्ही कॅमेऱ्यांचे गुण-दोष लिहिले. मोठ्याच्या बाजूला 'चित्र स्वच्छ', 'कमी उजेडात चांगला', 'भिंग बदलता येते'. छोट्याच्या बाजूला 'कुणाला कळत नाही'. एवढं एकच, पण ते लिहिलं आणि मला वाटलं, ठरलं.

सोमवारी पाऊस उघडला तसा छोटा खिशात घालून बंदरावर गेलो. 'जीवनज्योति'पासून वीस पावलांवर उभा राहिलो, समुद्राकडे बघत असल्यासारखा. मग हळूच कॅमेरा काढून, कमरेपाशी धरून, न बघताच बटण दाबलं. भिंग घर्रकन बाहेर आलं. तो आवाज बंदरभर गेला असं मला वाटलं. मी कॅमेरा खिशात कोंबला, तो भिंगासकट अडकला.

"भाऊ," हितेश होडीमागून उठला. त्याच्या हातात खरवडायची पत्री होती. "मत्स्यखात्याची माणसं असंच गुपचूप फोटो काढतात. कंप्लेंट करताय काय आमची?"

"छे छे! मी आपला... वारा खायला."

"खिशात काय वळवळतंय मग?"

गोदूबाई जाळं उन्हात टाकत होती. ती ओरडली, "भाऊच्या खिशात खेकडा शिरला! काढ रं कुणीतरी!"

घरी येऊन पाहिलं. चौदा फोटो; खिशात कोंबताना बटण दाबलेलंच राहिलं असणार. नऊ माझ्या बोटाचे, चार वाळूचे, एक हितेशच्या गुडघ्याचा. गुडघा मात्र छान आला होता.

बुधवारी मोठा गळ्यात अडकवला. सराव व्हावा म्हणून आधी किल्ल्याकडे गेलो, तिथे माणसं नसतात. पण तटाखाली एक मुलगा आणि एक मुलगी उभे होते, जरीचे कपडे घालून, घामाघूम.

"काका, अल्पेशदादांनी तुम्हाला पाठवलं ना?" मुलगा म्हणाला. "दीड तास झाला."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आधी माझे एकटीचे काढा. मेकअप उतरतोय." नाही म्हणायची वेळ निघून गेली होती. मी पाऊण तास त्यांचे फोटो काढले. तिसऱ्या फोटोनंतर मुलगा विचारू लागला, "काका, हात कुठं ठेवू?" माझं लग्न झालेलं नाही. मी म्हणालो, "स्वतःजवळच ठेव." मग गळ्यात कॅमेरा अडकवलेला अल्पेश स्वतःच मोटरसायकलवरून आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, पॅकेज किती घेता?" मी तटाच्या मागच्या वाटेने उतरलो.

एक मात्र लक्षात आलं. पाऊण तासात त्या दोघांनी कॅमेऱ्याकडेच पाहिलं होतं, मला एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बंदरावर गेलो तर हितेशने सुरुवात केलेली. नावाच्या खालची निळी पट्टी खरवडून झाली होती. आता अक्षरांची पाळी. मी गोदूबाईसमोर जाऊन उभा राहिलो. घोकलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे. मी नुसता कॅमेरा वर केला. गडबडीत स्क्रीन उलटी फिरली आणि तिचं तोंड गोदूबाईकडे झालं. मला आता काहीच दिसेना.

गोदूबाई मात्र पुढे वाकली. "अगो बाय! मीच हाय की!"

"तो... मिररलेस आहे."

"म्हंजे?"

"आरसा नसलेला."

"आरसा न्हाय? मंग ह्यो काय?" तिने कपाळावरचे केस मागे सारले, पदर झटकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आणि एकदम थबकली. "भाऊ, माज्या पाठी नाव उलटं का दिसतंय?"

तिच्यामागे होडी होती. स्क्रीन अशी पुढे वळवली की आरशासारखं दाखवते, डाव्याचं उजवं, हे पुस्तिकेच्या बेचाळिसाव्या पानावर होतं. मी सांगू लागलो, पण माझा आवाज मुळात बारीक. तिने वळून होडीच्या पलीकडे असलेल्या लेकाला हाक दिली, "हितेश! आपलं नाव उलटं झालं रं!"

आमच्याकडे तरुण मंडळी होडी किंवा बोट म्हणतात. 'नाव' म्हणजे होडी, हे आता बंदरावरच्या म्हाताऱ्या ठमीबाईसारख्यांच्याच तोंडी आहे. ठमीबाई पलीकडे सुकट निवडत होती आणि तिला ऐकू येतं निम्मं. तिने जे ऐकलं ते असं, "आपली नाव उलटली!" तिने सूप टाकलं, ऊर बडवला. "नाव उलटली गो! गोदूची नाव उलटली!"

बंदी चालू होती. पाण्यात एक होडी नव्हती. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. जाळी टाकून, रंगाचे डबे टाकून, अर्धी दाढी झालेला एकजण तसाच, पंधरा-वीस माणसं धावत आली. कोळीवाड्यातली पूनम नावाची एक सून पोराला काखेत मारून आली.

"कुठं उलटली?"

"कोण होतं होडीत?"

"ही काय होडी! लाकडावर टेकून उभी हाय!"

"मंग उलटलं काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघण्याचा प्रसंग वाचनालयाच्या निरोप समारंभानंतर पहिलाच. तेव्हा मी भाषणाचा कागद घरी विसरलो होतो.

"उलटं नाही," मी म्हणालो. "सुलटंच आहे. स्क्रीनमध्ये तेवढं उलटं. फोटोत सरळ येतं."

"दाखव," गोदूबाई म्हणाली. "माजी होडी हाय. उलट्या नावानं मी तिला पाण्यात न्यायची न्हाय."

"दाखवायचं तर आधी काढावा लागेल."

"मंग काढ की! आमी काय धरलाय हात?"

म्हणजे परवानगी मिळाली होती. विचारलं नव्हतं तरी मिळाली होती. मी बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात सगळी मंडळी स्क्रीनसमोर दाटली. कुणी दाढीचा साबण पुसला, कुणी पोराचं नाक. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, जो तो स्वतःला बघत होता. मी कॅमेऱ्याच्या वरून होडीकडे पाहिलं. 'जीवनज्यो' स्पष्ट दिसत होतं. 'ति'च्या बरोबर पुढे ठमीबाई उभी होती, ताठ, हात जोडून.

हे लिहायला नको, पण लिहितो. मी क्षणभर तिला तिथंच राहू द्यावं असा विचार केला. फोटो सुंदर आला असता. सगळी माणसं, बाळाजीचं वळण, आणि चूक ठमीबाईच्या लुगड्याआड. कुणाला कळलं नसतं. कार्डावर छोट्याच्या बाजूला मी जे लिहिलं होतं तेच, फक्त दुसऱ्या कॅमेऱ्याने.

"ठमीबाई," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही.

"ठमीबाई!" हे इतक्या मोठ्याने आलं की हितेशच्या हातातली पत्री खाली पडली. "बाजूला सरका! सगळेच सरका. मला आधी नुसतं नाव हवंय. बाळाजीच्या हातचं आहे ते. त्यातली ति चुकलीय, ती मी चुकवलीय, आणि तीपण फोटोत हवीय!"

सगळे सरकले. बिनतक्रार. जणू मी रोज ओरडत असतो.

मी अक्षरांचे सात फोटो काढले, मग मंडळींचा एक. स्क्रीन परत वळवून गोदूबाईला दाखवली. तिने बोट ठेवत ठेवत वाचलं. "सुलटं हाय." मग मान वाकडी करून म्हणाली, "आन काय चुकलंय ह्याच्यात? सव्वीस वर्सं मासळी तर बरोबर घावली."

हितेशने पत्री उचलली. "आता खरवडू ना, भाऊ?"

"खरवड," मी म्हणालो. पहिला फटका पडेपर्यंत थांबलो, मग घरी आलो.

रविवारी नेत्रा नऊला आली. ओट्यावर ठमीबाई सातपासून बसली होती. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. होडीचं तोंडदेखलंही नाव न घेता तिने सांगितलं होतं, "माजा एकटीचा काढ. त्या आरशातला."

नेत्राने तिच्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता टेबलावरचा छोटा कॅमेरा आपल्या पर्समध्ये टाकला.

"अगं, थांब," मी म्हणालो. "मला अजून थोडी शंका आहे."

"शंका ठेव तुझ्याकडे," नेत्रा म्हणाली. "आधी आजींचा फोटो काढ. ताटकळल्यात."