समोरासमोरची पंधरा मिनिटं

स्पॅनिशच्या परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस शुक्रवार, आणि मी गुरुवारपर्यंत एकाच चौकोनापाशी अडकून बसले होते. तोंडी परीक्षा कशी देणार, संगणकावर की परीक्षकासमोर? संगणकाचा निकाल आठवड्यात लागतो. समोरासमोरचा पाच आठवड्यांनी, म्हणजे कॉलेजच्या मुदतीच्या जेमतेम दोन दिवस आधी. जरा उशीर झाला की प्रवेश हुकला, वर्ष पाण्यात.

शहाण्या मुलीने संगणक निवडला असता. चार वर्षं मी स्पॅनिश शिकले तीच मुळी कानांत हेडफोन घालून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. यंत्राशी बोलण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

तसंही आमच्या घरातलं बोलणं फ्रीजच्या दारावर चालतं. आई रात्रपाळीची नर्स. मी सकाळी सातला निघते, ती साडेसातला येते. संध्याकाळी मी क्लासहून येईपर्यंत ती गेलेली असते. ड्युटीवर तिचा फोन लॉकरमध्ये, दिवसा झोपताना बंद. बाबा मालट्रकवर, दहा-दहा दिवस बाहेर. मग काय, चिठ्ठ्या! 'भाजी गरम करून घे. गॅस बंद कर.' एवढाच मायेचा पाझर.

मी चिठ्ठी लावली, 'संगणक की समोरासमोर?' खाली उत्तर आलं, 'निकाल लवकर लागेल ते घे.' बाबा फोनवर म्हणाले, "आई म्हणते तसं कर गं," आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

मी समोरासमोरवर खूण केली. संगणक प्रश्न विचारतो, पंचेचाळीस सेकंद मोजतो आणि टिंग करून पुढे जातो. मला कोणीतरी ऐकायला हवं होतं. हसायचं तर हसा.

परीक्षक बाई सर्दीने बेजार होत्या. नाक पुसत त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "घरी तुम्ही एकमेकांशी काय बोलता?" पाठ केलेलं उत्तर तयार होतं, जेवताना गप्पा मारणारं गोड कुटुंब वगैरे. ते सोडून मी फ्रीजचं सांगितलं. धडाधड चुका केल्या. बाई लिहायच्या थांबल्या.

"मग आजची परीक्षा कशी गेली, हे कोणाला सांगणार?"

"फ्रीजला," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. तेवढ्यात पंधरा मिनिटं संपली.

निकाल पुढे मुदतीच्या आदल्या दिवशी आला, प्रवेशही मिळाला. ते जाऊ दे. परीक्षेच्या दिवशी घरी चिठ्ठी होती, 'कशी गेली?' मी खाली 'बरी' लिहिलं आणि मग ती फाडून टाकली. दुसऱ्या दिवशी सातची बस मुद्दाम सोडली.

साडेसातला कुलपात किल्ली फिरली. मला बघून आई दचकलीच. "अगं, तू घरी? बरं नाहीये का?"

"परीक्षा कशी गेली ते सांगायला थांबले."

"थांब हं, बूट काढते. सांग, सगळं सांग." ती खुर्चीत टेकली.

"बाईंना सर्दी झाली होती," मी सुरुवात केली. बाईंच्या पहिल्या प्रश्नापर्यंत आले, तर आईची मान कलली होती. एक बूट हातात, दुसरा पायातच.

मी तो हळूच काढला, समोर बसले आणि उरलेलं सगळं सांगितलं. फ्रीजचंसुद्धा. ती जागी असती, तर तेवढं गाळलं असतं.