बसायचं ठरलं होतं

"वीज केंद्र आणखी दहा वर्षं चालावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं," व्यासपीठावरच्या बाई म्हणाल्या, आणि फोरमननं खुर्चीची कड घट्ट धरली.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाव त्याला फोरमनच म्हणायचं. कोळशावरची जुनी केंद्रं बंद करायची की रेटायची, हे सरकारनं या वेळी लोकांनाच विचारायचं ठरवलं होतं. लोकांचं म्हणाल तर वीज हवी, धूर नको, आणि धूर गेल्यावर पगार कोण देणार तेही सांगा. सरकारनं काहीतरी ठरवावं आणि मग आपल्याला त्याला शिव्या घालता याव्यात, एवढीच बहुतेकांची अपेक्षा.

फोरमनची मात्र खरोखर पंचाईत होती. मुलगा तिथेच बॉयलरवर कामाला. केंद्र गेलं की तो घरी बसणार, आणि चाळिशीच्या माणसाला नवीन ठिकाणी दारात कोण उभं करतंय? इकडे नातीला दमा. राख उडाली की पोर रात्रभर उशीला टेकून बसायची. मुलाला त्यानं उभा राहतो म्हणून सांगितलं होतं, सुनेला बसून राहतो म्हणून. दोन्ही डगरींवर हात ठेवून माणूस किती दिवस राहणार? सकाळी नातीचे निळसर पडलेले ओठ पाहिले आणि त्यानं पक्कं केलं, बसायचं. मुलाला काय, धडधाकट हातपाय आहेत.

शेजारी त्याचा जुना जोडीदार जाड्या होता. त्याला उभं राहायचं होतं, पण गुडघे कामातून गेलेले. जाड्यानं न बघताच हात पुढे केला. राखेच्या खड्ड्यातून वर येणाऱ्याला हात द्यायचा, तिथे विचार करायचा नसतो. फोरमननं जन्मभर दिला, आताही दिला. पण ते धूड बसल्या जागेवरून ओढता येईना, म्हणून तो उठला.

मागच्या रांगांना दिसलं ते इतकंच, की फोरमन उभा राहिला. भराभर खुर्च्या सरकल्या, त्याच्यामागोमाग माणसं उठली. अजून बसता आलं असतं. तो खाली वाकलाही, तेवढ्यात समोर भिंतीशी मुलगा दिसला. त्याचा चेहरा असा काही फुलला होता की बापाला बसवेना. दाराजवळ सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान खाली घातली. फोरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केंद्र राहिलं. दुसऱ्या दिवशी सुनेनं माहेरी जायला बॅग भरली. त्यानं विनवण्या केल्या, जाड्याचे गुडघे सांगितले.

"जाड्याकाकांना उठवलंत ते बरंच केलंत, बाबा," ती म्हणाली. "पण नंतर बसला का नाहीत?"

त्यानं बॅग उचलून दारापर्यंत नेली. नातीनं टाटा केला, तोही धापा टाकतच.

आठवड्यानं सुनेचा फोन आला तेव्हा मुलगा कामावर निघायला बूट चढवत होता. फोन फोरमननं घेतला. पलीकडून ती हळूच म्हणाली, "पोर रोज सलग झोपते आता. काल तर पळत होती."

फोरमननं भिंतीला हात टेकला. त्याला सांगायचं होतं की या गं, घर खायला उठतंय, पोरीवाचून मला जेवण जात नाही.

"मग तिला इकडे आणू नकोस," तो म्हणाला.

"काय म्हणतेय?" मुलानं लेस बांधता बांधता विचारलं. "कधी येतायत?"

फोरमननं फोन खाली ठेवला.

"तुला उशीर होतोय," तो म्हणाला. "नीघ."