माझ्या अंगावरची सुलाबाई

मित्रांनो, मी एक जुना दानाचा डबा आहे. पारदर्शक प्लास्टिकचा, वर फट, मागे कुलूप. माझी कहाणी ऐकून हळहळू नका. माझा सूड पुरा झाला आहे आणि मला त्याचा आनंदच आहे.

कुपवाडच्या एका कारखान्यात मी घडलो. माझ्या भावंडांपैकी कुणात गोळ्या भरल्या गेल्या, कुणात बिस्किटे. मला मात्र मलकापूरच्या जयराजशेठने आपल्या मार्टच्या काउंटरवर बसवले. अंगावर फोटो चिकटवला : जतकडची एक बाई, डोक्यावर घागर, आणि खाली ओळ, 'हिच्या वस्तीला पाण्याची टाकी देऊ या.' काय छाती फुगली माझी! बिल करणारी पिंकी प्रत्येकाला विचारायची, "जतच्या पाण्यासाठी टाका की काहीतरी." मागे रांग, नाही कसे म्हणायचे? लोक सुटे पैसे टाकायचे. निवृत्त हवालदार मानसिंगराव तर दर खेपेला नोट सरकवायचे.

आणि शेठ? दुपारी गिऱ्हाईक नसले की माझे कुलूप काढून सगळे आपल्या गल्ल्यात ओतायचा, मेला! तीन वर्षे मी हे बघितले. बोलू कुठून? मी नुसता जळफळायचो. याची एकदा तरी जिरावी, एवढेच मागणे होते.

यंदा उन्हाळ्यात ती आली. जतकडचे धनगर तेव्हा मेंढरे घेऊन आमच्या बागायतीत उतरतात. खतासाठी शेतकरी त्यांचे कळप रानात बसवून घेतात. त्यांतली सुलाबाई चहापत्ती घ्यायला मार्टात शिरली. पिंकीने सवयीने विचारले. सुलाबाई माझ्याकडे वाकली आणि ओरडलीच.

"आगं बया! ही तर मीच हाय! टँकरपाशी कुनीतरी फोटू काढला व्हता. टाकी कुठाय गं? आमी अजून टँकरमागंच पळतोय!"

शेठ धावत आला. "आवं मावशी, पैसं संस्थेला जात्यात."

"कंच्या संस्थेला? नाव सांग की!"

शेठ उगाच बिले चाळू लागला. सुलाबाई तरातरा बाहेर गेली. मला वाटले, संपले. पण अर्ध्या तासात ती आणि तिचा नवरा धुळा दीडशे मेंढरे घेऊन मार्टच्या दारात हजर!

"मेंढरं बसवायला शेतकरी आमास्नी जुंधळं देत्यात," ती म्हणाली. "तुज्या दारात फुकाट बसवते. टाकी येस्तवर उठायची न्हाईत."

मेंढरे पायरीवर बसली, आत शिरली, लेंड्यांचा सडा पडला. बघ्यांची गर्दी झाली. मानसिंगराव पुढे झाले आणि त्यांनी काउंटरवर मूठ आपटली. "जयराज, आमच्या नोटा कुठं हायत ते सांग. न्हाईतर पोलिसांत चल." शेठने गल्ला उघडून टाकीसाठी नोटा मोजायला घेतल्या. मला कसे गारगार वाटले म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी नवी टाकी टेंपोत चढली. टाकी वस्तीवर पोचवायला मानसिंगरावांनी शेठलाही टेंपोत बसवले. सुलाबाईने मला उचलले, नखाने खरवडून आपला फोटो काढून घेतला. लागले मला, पण तो तिचाच होता.

मित्रांनो, दान जरूर करा. पण काउंटरवर कुणी मागितले, तर पैसे कुठे जातात ते आधी विचारा, पावती मागा. उत्तर मिळाले नाही तर हात खिशातच ठेवा. मागे रांग खोळंबली तर खोळंबू दे. सुलाबाईची वस्ती तीन वर्षे खोळंबली होती.