सहा मुली, पाच चेहरे

मैसूनने पडद्यावरचा गुलाब बोटाने ओढत नेला आणि बतूलच्या चेहऱ्यावर सोडला. तो जरा लहान पडला, हनुवटी उघडी राहिली, म्हणून तिने दोन बोटांनी ताणून मोठा केला. आता फोटोत मधोमध जैतून निवडणारं यंत्र होतं, भोवती गणवेशातल्या मुली होत्या आणि त्यातल्या एकीच्या मानेवर डोक्याऐवजी लालभडक फूल. मैसूनने फोटो शाळेच्या पानावर टाकला, खाली ‘करकच्या मुली यंत्रांच्या स्पर्धेसाठी अम्मानला निघाल्या’ असं लिहिलं आणि गार झालेला चहा समाधानाने संपवला.

तिला वाटलं, आपण मोठं शहाणपण केलं.

वाटायला कारणही होतं. सकाळी मधल्या सुट्टीत सातवीतली बतूल कॉम्प्युटरच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि फोन मैसूनसमोर ठेवला. सलमा नावाची कुणी मुलगी बरेच दिवस तिच्याशी यंत्राबद्दल गोड गोड बोलत होती. मोटर कुठली, प्रोग्राम कुणी लिहिला, असं. काल त्या सलमाने बिनहिजाबचा फोटो मागितला होता, आणि पुढच्या दोन ओळी वाचून मैसूनचे कान तापले. सलमाबिलमा कुणी नव्हती, कुणीतरी बाप्या होता.

"मी काही पाठवलं नाही, मिस. अल्लाशपथ."

"दिसतंय मला. उत्तर दिलं नाहीस, पुरावा ठेवलास, त्याला ब्लॉक केलंस. आणखी काय करायचं असतं?"

"बाबांना सांगाल?"

"तुला विचारल्याशिवाय नाही. तक्रार मी शाळेच्या नावाने करते, तुझं नाव कुठे येणार नाही. सांगणाऱ्या मुलीचं काही बिघडत नाही, बतूल."

हे वाक्य ती वर्षभर वर्गावर्गात घसा कोरडा करून सांगत आली होती. फोन काढून घेऊन मुली सुरक्षित होत नाहीत, जिला कळतं ती सुरक्षित असते, म्हणून तिने अर्ध्या गावातल्या आयांशी वाद घातले होते. आणि आज एक मुलगी खरोखरच दार लोटून तिच्याकडे आली होती. मैसूनला रडूच यायचं बाकी होतं.

मग फोटो टाकायची वेळ आली आणि तिच्या मनात आलं, त्या हरामखोराला यंत्र माहीत आहे, शाळा शोधायला त्याला कितीसा वेळ लागणार. निदान चेहरा तरी त्याला मिळू नये. सगळ्यांवरच गुलाब ठेवावे असंही मनात येऊन गेलं. पण बाकीच्या मुलींनी फोटोसाठी हिजाबांना इस्त्री करून आणली होती, आणि जुमानाची आई तर दोनदा बजावून गेली होती की आमची नीट दिसू दे हं, मागच्या वेळी खांबामागे गेली होती. तेव्हा जिला धोका तिलाच झाकावं. गणित सरळ होतं. कॉम्प्युटरच्या बाईला माणसांचं गणित कुठून यायचं!

गुलाबाची चाल करकमध्ये पोरासोरांना ठाऊक आहे. ज्या घरी मुलीचा चेहरा बाहेर दाखवलेला चालत नाही, त्या घरच्या मुलीवर गुलाब. ती घरं कुठली हेही सगळ्यांना पाठ आहे. बतूलचा बाप अबू कुतैबा त्यांतला नव्हता. उलट टायरच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर येईल असा त्याने लेकीचा बक्षीस घेतानाचा फोटो लावला होता, आणि हवा भरायला आलेल्याला तो बघितल्याशिवाय सोडायचा नाही.

फोटोखाली आधी लाल बदामांची रांग लागली. मग कुणीतरी विचारलं, अबू कुतैबाच्या मुलीवर गुलाब का गं? दुसरीने लिहिलं, शाळेनेच झाकलंय म्हणजे काहीतरी असेल, उगाच कोण झाकतं. तिसरीने तेवढंही लिहिलं नाही. तिने नुसती दुआ मागितली, अल्लाह सगळ्यांच्या लेकींची अब्रू राखो. त्या दुआखाली आमीन आमीन म्हणणाऱ्यांची झुंबड उडाली. काय पण भाविक गाव!

मैसूनने घाईघाईने फोटो काढून टाकला.

"काढलास कशाला?" दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका इन्तिसार तिच्यावर तडकल्या. "काल लोक नुसते विचारत होते. आता त्यांची खात्री झाली."

"मी तिला वाचवायला गेले, सित्त इन्तिसार."

"वाचव अजून. बाप आलाय फाटकाशी."

मुलींच्या शाळेत पुरुषांना आत घेत नाहीत. अबू कुतैबा फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत, खुर्ची असून उभा होता. कामाच्या कपड्यांतच आला होता. मैसूनला बघून त्याने नजर खाली केली, सलाम केला.

"मिस, काल हा फोटो घेऊन मी आमच्या कुळाच्या बैठकीत गेलो. आल्या आल्या सगळ्यांना म्हटलं, बघा, माझी पोरगी. थोरल्या भावाने चष्मा लावला नि मला विचारलं, कुठली?"

त्याने फोन तिच्यासमोर धरला.

"सहा मुली, पाच चेहरे. माझ्या मुलीने काय केलं?"

"काही केलं नाही."

"मग झाकलीत का?"

तिने शब्द दिला होता. म्हणून ती बोलली नाही, आणि न बोलण्याचा त्याच्या चेहऱ्यावर काय अर्थ होत चाललाय ते तिला समोर दिसत होतं. शेवटी तिच्याने राहवलं नाही, तिने सगळं सांगितलं. बतूल कशी शहाण्यासारखी वागली, वर्गातल्या कुठल्याच मुलीला जमलं नसतं ते तिने कसं केलं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. तो नखांतला काळा मळ बघत ऐकत राहिला.

"माझा विश्वास आहे तिच्यावर," तो म्हणाला. "पण मी आता दारोदार जाऊन सांगत सुटू का, की एका नालायकाने माझ्या लेकीकडे असला फोटो मागितला आणि तिने दिला नाही? मागितला एवढं सगळे ऐकतील, मिस. दिला नाही, हे ऐकायला कोण थांबतंय?"

"तिला अम्मानला येऊ द्या. प्रोग्राम सगळा तिने लिहिलाय, अबू कुतैबा. तिच्याशिवाय ते यंत्र म्हणजे नुसता पत्रा आहे."

"मी कधी नाही म्हटलं होतं? त्या डबड्याच्या मोटरी मी आणून दिल्या." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "झाकलीत तुम्ही. मी नव्हती झाकली."

जाताना तो पुन्हा सलाम करून गेला. त्यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तरी मैसूनला परवडलं असतं.

बतूल शाळेत येत राहिली, पण कॉम्प्युटरच्या खोलीकडे फिरकली नाही. तिचा फोन आईच्या कपाटात गेला. घरचा कॉम्प्युटर काकाच्या मुलांकडे गेला, आणि ते त्यावर दिवसभर गोळीबाराचे खेळ खेळायला लागले. अम्मानला जायच्या आदल्या दिवशी मैसूनने तिला व्हरांड्यात गाठलं.

"बतूल, मला तसं करायचं नव्हतं गं."

"माहीत आहे, मिस." बतूल भिंतीला टेकून उभी होती. "कधीकधी यंत्र हिरवं जैतून काळं समजून फेकून देतं. तेव्हा दिवा जरा खाली घ्या. जुमानाला सांगितलंय मी, पण ती विसरते."

"तूच चल ना. मी अजून एकदा बोलते घरी."

"नको." ती पहिल्यांदाच घाबरली. "नका बोलू कुणाशी. प्लीज, मिस."

शिवणाच्या तासाची घंटा झाली आणि ती गेली.

सकाळी बस सुटण्याआधी पाच मुलींचा फोटो निघाला. सित्त इन्तिसारांनी आता नियमच केला होता, यापुढे सरसकट सगळ्यांवर गुलाब. मुलींसोबत निघालेल्या जुमानाच्या आईने फोनवर तो फोटो पाहिला आणि तिचं डोकं फिरलं.

"ही काय मुलींची शाळा आहे की फुलवाल्याचं दुकान? कुठली माझी ते मलाच कळेना!"

मुली हसल्या. मैसूनही हसली, हसावं लागलं म्हणून. बस घाट उतरून मोठ्या रस्त्याला लागली. जुमानाची आई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मांडीवर मोठा डबा घेऊन बसली होती, आणि झातरचा मसाला लावलेल्या गरम रोट्या एकेक करून मागे देत होती. मैसून जुमानाशेजारी बसली. दिवा खाली घ्यायचं लक्षात आहे ना, असं ती विचारणार, तेवढ्यात जुमानाच्या हातातला फोन थरथरला.

जुमानाने तो पाहिला. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. मैसूनची नजर वळायच्या आत तिने अंगठ्याने काहीतरी झरझर पुसलं आणि फोन मांडीखाली दाबून धरला. तो तिथेही थरथरला. मग पुन्हा.

"कोण आहे गं?"

"आई, मिस."

"आई?"

"हो. नाश्ता केलास का, विचारतेय." जुमाना खिडकीबाहेर बघत होती.

मैसूनने पुढे पाहिलं. जुमानाच्या आईचे दोन्ही हात डब्यात होते. आता या पोरीला कुठल्या तोंडाने म्हणायचं, सांग म्हणून?

तेवढ्यात जुमानाची आई सीटवरून वळली, आणि फडक्यात गुंडाळलेली रोटी तिने मैसूनच्या हातात दिली.

"मिस, तुम्हीच भरवा बाई हिला. कालपासून घास घशाखाली उतरत नाहीये. विचारलं तर म्हणते, काही नाही."