अकरा ओळी

स्वतःची टिमकी वाजवू नये म्हणतात, पण ऑफिसात मला ‘मास्तर’ म्हणतात ते काही उगाच नाही. यंत्राला नेमकं काय आणि कसं सांगायचं, म्हणजे प्रॉम्प्ट लिहायचा, हा माझा धंदा, आणि त्याची पारख करायची माझी पद्धतही माझीच: एकेक ओळ काढायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. उत्तर बदललं नाही, तर ती ओळ भरताड.

आईला रोज चार ओळी पाठवायला वेळ होईना, आणि मी तिला विसरलो असं तिला कधीही वाटू नये एवढीच माझी धडपड, म्हणून तिच्या मेसेजना माझ्यासारखी उत्तरं देणारा अकरा ओळींचा प्रॉम्प्ट मी लिहिला. मग आईजवळ राहणाऱ्या ताईला दोन मेसेज दाखवले, एक माझा आणि एक यंत्राचा.

यंत्राच्या मेसेजवर बोट ठेवून ती म्हणाली, “हा तुझा. दुसरा कोणा परक्याचा वाटतो, कोरडा ठणठणीत.”

काय सांगू, अभिमानाने ऊर भरून आला.

मग सवयीप्रमाणे रोज एकेक ओळ काढू लागलो. थट्टेची ओळ काढली, तरी थट्टा आलीच. ‘तिला आई म्हण’ ही ओळ काढली, तरी ‘आई’ आलंच. अकराव्या दिवशी पान कोरं झालं. आईने लिहिलं, गुडघा दुखतोय. उत्तर गेलं, “डावाच ना? शिडीवरून मी पडत होतो तेव्हा मला सावरताना मुरगळला होता तो.” ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. यंत्राला ती कळली कशी, ते उमगेना, पण खोटं कशाला बोलू, छाती फुगली. असं काम दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं.

त्या दुपारी मी ते सगळंच बंद केलं, माझ्या हाताने, दोनदा तपासून, आणि आता स्वतःच बोलायचं म्हणून आईकडे गेलो.

दार उघडंच होतं. आई खिडकीपाशी बसून फोनवर खुसखुसत टाइप करत होती. फोन किणकिणला, तिने वाचलं, डोळे पुसत हसली. मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं.

“थांब रे बाळा,” ती फोनला म्हणाली, “दारात कुणीतरी आलंय.” आणि पदर सावरत, अगदी अदबीने, मला म्हणाली, “बोला, कोण हवंय आपल्याला?”