एक्केचाळिसाच्या सहा

कोंबड्या आणायची अक्कल काटेवाल्यांची. तेहतीस वर्षं गोदामाच्या वजनकाट्यावर मालाच्या गाड्या मोजलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला, की त्याचे हात शिवशिवतात, आणि मग घरच्या बाईच्या नशिबी काय येईल ते सांगता येत नाही. त्यांच्या बायकोच्या नशिबी कोंबड्या आल्या.

सासूबाई जाऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या आठ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, आणि सून आठ वर्षं त्या अंथरुणापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या आधी मुलाच्या परीक्षा होत्या. त्याच्याही आधी काय होतं ते आता तिला आठवत नव्हतं, पण काहीतरी होतंच. आता कुठे घर मोकळं झालंय, तर आठ-पंधरा दिवस ताईकडे जाऊन यावं, असं तिने मनाशी धरलं होतं. तोच एका सकाळी काटेवाले टेम्पोतून उतरले. मागोमाग उतरलं एक भोकं पाडलेलं खोकं, आणि त्यात सहा तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या.

"तुला सोबत," ते म्हणाले.

सोबत हवी असं ती कधी म्हणाली होती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. खुराडं कुठे बांधायचं ते त्यांनी खुर्चीत बसून दाखवलं आणि तिने बांधलं. काटेवाल्यांचा उजवा गुडघा कामाचा राहिला नव्हता. त्यांना बसता येई, उभं राहता येई, पण वाकायचं म्हणजे देवाचं नाव घेऊनच. आणि कोंबडी हा असा जीव आहे की त्याचं सगळं काम वाकूनच करावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात सहातली एक तलंग आरवली.

"फसवलं की हो तुम्हाला," ती म्हणाली.

काटेवाल्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. कोंबडा आला म्हणजे पिल्लं आली. उन्हाळ्यात पहिली कोंबडी खुडूक झाली, म्हणजे तिला अंडी उबवायची ओढ लागली. खाणंपिणं सोडून, पिसं फुगवून खोक्यात बसून राहिली आणि हात घातला की चोच मारू लागली. अशा कोंबडीला दोन-तीन दिवस नुसत्या जाळीवर ठेवलं, खालून वारा लागू दिला, की तिचं वेड उतरतं. पण काटेवाले म्हणाले, "असू दे गं. बसायची हौस आहे तिला." मग तिच्याखाली बारा अंडी गेली आणि एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. पुढे दुसरी बसली, तिसरी बसली. हौस कोंबड्यांची आणि काटेवाल्यांची, उठबस हिची. दोन वर्षांत सहाच्या एक्केचाळीस झाल्या.

उजाडता दार उघडायचं, पाणी बदलायचं, शीट खरवडायची, राख पसरायची, आणि संध्याकाळी सहाला एकेक मोजून आत घ्यायची. आकडा जुळल्याशिवाय दार लागत नसे. मुलाने नवं घर घेतलं तेव्हा ती सकाळी गेली आणि संध्याकाळी सहाच्या आत परतली. मुलाची बायको म्हणाली, आई, राहा ना. ती म्हणाली, पुढच्या वेळी. पुढची वेळ अजून यायची होती.

आणि मग ताईचा फोन आला.

ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिच्या वेण्या घालण्यापासून हिच्या तापात रात्ररात्र बसण्यापर्यंत सगळं ताईने केलं. ताईचं गाव बसने अकरा तासांवर. दोघींनी एकमेकींना पाहून दहा वर्षं झाली होती.

"धाकटे," ताई म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले बघ. डावा तर गेलाच. उजवा थंडीपर्यंत टिकेल म्हणतात, पण खात्री कुणी देत नाही. तू ये. तुझं तोंड एकदा नीट बघून ठेवायचंय मला."

"येते."

"आणि तुझ्या कोंबड्या?"

"कोंबड्या गेल्या खड्ड्यात."

पण कोंबड्या खड्ड्यात जात नाहीत. त्या सहा वाजता खुराड्यापाशी येऊन उभ्या राहतात.

काटेवाले काही वाईट नव्हते. ऐकून तेही हळहळले. गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले, "जा की. पण एक्केचाळिसांचं मला झेपायचं नाही. सहा ठेव. सहांना मी खुर्चीतून दाणे टाकीन, आणि शेजारची शिवणवाली संध्याकाळी दार लावील." शिवणवालीने मशीन चालवता चालवता मान हलवली. ठरलं. एक्केचाळिसाच्या सहा करायच्या आणि बस पकडायची. मनात आणलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं.

तिसऱ्याच दिवशी कोंबडीवाला गाडी घेऊन दारात हजर. त्याने खुराड्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "काकू, पस्तीसच्या पस्तीस आत्ता उचलतो. तासाभरात मोकळ्या व्हाल."

"सगळ्या एकाच जाळीत?"

"मग काय, प्रत्येकीला खुर्ची देऊ?"

तिने त्याला नऊ कोंबडे तेवढे दिले. तेही पहाटे दांडीवर झोपेत असताना एकेक काढून, फडफड न होऊ देता. बाकीच्या मी बघते, म्हणाली.

इथे तिचं चुकलं. पण तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर चुकलं नसतं, कारण दुसऱ्या कुणी या कोंबड्या दोन वर्षं सांभाळल्या नव्हत्या. अंडी देणारी कोंबडी कापायला जाता कामा नये, हा तिचा हट्ट. म्हणून तिने प्रत्येकीच्या पोटाखाली बोटं लावून पाहिली. हाडांमध्ये तीन बोटं मावली तर ती अंड्यावर, एकच मावलं तर ती आटलेली. आटलेल्या आठ कोंबडीवाल्याने नेल्या. अंड्यावरच्यांसाठी घरं शोधायची ठरली. कोपऱ्यावरच्या चांभाराला दोन दिल्या, पण आधी त्याचं अंगण बघून आली. सावली आहे का, पाणी कुठे ठेवणार. एक शाळामास्तर तीन मागायला आला, तर त्याचा कुत्रा मोकळा असतो असं कळलं आणि मास्तर हात हलवत परत गेला.

"काकू," शिवणवाली म्हणाली, "कोंबड्या देताय की मुलींना स्थळं बघताय?"

ती हसली, पण मास्तरला दिल्या नाहीतच. दर दोन दिवसांनी ताईला फोन करायची. आज चोवीस राहिल्या गं. आज पंधरा राहिल्या. ताई म्हणायची, अगं वा. असं ते घोंगडं पाच आठवडे भिजत पडलं. थंडीला अजून अवकाश होता, आणि काम तर नीटच चाललं होतं. चौथ्या आठवड्यात करडी नावाची एक कोंबडी मोजणीत कमी भरली. दोन दिवस शोधलं, मग मुंगसाने नेली म्हणून सोडून दिली. शेवटी सहा उरल्या. तिने परवाच्या बसचं तिकीट काढलं, पिशवी भरली, ताईसाठी दोन सुती झंपर शिवणवालीकडून शिवून घेतले.

त्याच दुपारी जुन्या फळ्यांच्या ढिगामागून तिला कुरकुर ऐकू आली.

ती पोटावर आडवी झाली आणि आत हात घातला. हातावर चोच बसली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे तर कोंबडीच झाकलेली निघाली. करडी होती, पिसं फुगवून बसलेली, आणि तिच्याखाली अकरा अंडी, ऊन ऊन. त्यातलं एक घेऊन ती अंधाऱ्या कोठीच्या खोलीत गेली आणि विजेरीच्या तोंडावर धरून पाहिलं. आत लाल शिरांचं जाळं होतं आणि त्यात एक काळा गोळा हलत होता. बारा दिवसांचं असेल. म्हणजे अजून नऊ.

अंडं हातात धरून ती तिथेच उभी राहिली. तिला आधी राग आला नाही. आधी बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि ते कळताच तिला स्वतःची लाज वाटली. खरं म्हणजे तिकीट काढल्यापासूनच तिला जाणं नकोसं झालं होतं. अकरा तास नुसतं बसून राहायचं. मग एका घरात जायचं, जिथे सहा वाजता तिची कुणी वाट बघत नाही. आणि ताई समोर बसून आपल्याकडे बघणार, दहा वर्षांत उतरलेलं हे तोंड बघणार. एवढं कुणी आपल्याकडे नीट बघितलेलं तिला आठवत नव्हतं.

लाज वाटली म्हणून मग राग आला, आणि तो काटेवाल्यांवर निघाला.

"तुम्ही बसवलीत तिला."

"कुणाला?"

"करडीला. फळ्यांमागे. मी जाऊ नये म्हणून."

काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे, मग आपल्या गुडघ्याकडे. "अगं, मी तिथवर पोचलो असतो तर तुझी सगळी कामं मीच नसती का केली?" ते म्हणाले. "दुपारी तू आडवी झालीस की ती येते दाणे खायला. मी टाकतो. मला वाटलं सातवी तूच ठेवलीयस."

हे मात्र अगदी त्यांच्यासारखं होतं. उभ्या जन्मात गाड्या मोजल्या, पण घरातलं काही त्यांनी कधी मोजलं नाही. तिला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

"मग जा ना तू," ते म्हणाले. "पिल्लं निघतील तेव्हा निघतील. मी आहे."

"पिल्लांना पाणी उथळ ठेवावं लागतं. बुडतात. पहिला आठवडा भरडा बारीक करून द्यावा लागतो. घार येते. तुम्ही वाकणार कसे?"

"मग मरतील त्यातली चार-दोन. मरू देत."

दार असं सताड उघडून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं, आणि तिला तेच सोसेना. आयुष्यभर कुणीतरी अडवत आलं होतं. सासू, परीक्षा, गुडघा, एक्केचाळीस कोंबड्या. आता कुणी अडवत नव्हतं. अकरा अंडी होती, आणि ती उचलून थंड पाण्याच्या बादलीत टाकायलाही कुणाची ना नव्हती.

"ते कसं चालेल," ती म्हणाली, आणि फोन लावला.

"ताई, ऐक ना," ती अंगणात येऊन म्हणाली. "रागावू नकोस. पंधरा दिवस पुढे ढकलते. एक कोंबडी बसलीय अंड्यांवर. पिल्लं जरा पायांवर उभी राहिली की लगेच निघते. थंडीच्या आत येतेच."

पलीकडे ताई हसली. "ये गं सावकाश. आता काही घाई नाही."

"म्हणजे?"

"थंडीची कोण वाट बघतंय. तीन आठवडे झाले, धाकटे. सकाळी उठले तर खिडकी कुठे आहे तेच दिसेना. म्हटलं उजाडलं नसेल अजून. मग दूधवाल्याची हाक आली."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला सांगणार होते," ताई म्हणाली. "पण तू इतकी मनापासून सांगायचीस, आज चोवीस राहिल्या, आज पंधरा राहिल्या. म्हटलं, धावत आली तरी आता दाखवायचं काय. होऊ दे तिचं नीट. तोंड काय, हात लावूनही कळतं. आणि हात कुठे जात नाहीत माझे. निघू देत तुझी पिल्लं."

मिनिटभरापूर्वी तिला नेमकं हेच ऐकायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी खुराड्यात चोवीस होत्या. त्या चोवीस तशाच टाकून ती बसमध्ये बसली असती, तर ताईने तिला पाहिलं असतं.

"तू रडू नकोस," ताई म्हणाली. "मी रडून घेतलंय."

फोन ठेवून ती पालथ्या बादलीवर बसली. बादलीकडे आली म्हणजे दाणे घेऊन आली, असं समजून सहाही जणी तिच्या पायांपाशी गोळा झाल्या. तिने त्यांना हाकललं नाही. तोंडावरून हात फिरवून पाहिला. कपाळ, डोळ्यांखालची सैल कातडी, हनुवटी. त्यावरून तिला तर काही कळलं नाही.

काटेवाल्यांनी खुर्चीतून विचारलं, "काय म्हणाली ताई?"

"घाई नाही म्हणाली."

"चला, बरं झालं," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो, ती समजून घेईल."

सहा वाजले होते. ती उठली आणि कोंबड्या मोजून आत घ्यायला लागली.