पाच पासपोर्ट

मतदानाला गावातून सगळ्यात आधी तोक्तोसून आबा आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर रुमालाची गाठ सोडली. आत पाच पासपोर्ट होते: त्यांचा, म्हातारीचा, थोरल्या मुलाचा आणि दोन्ही सुनांचा. "मताचे पाच कागद दे, बुरुल. एवढ्या बर्फात बायकांना कशाला बाहेर काढायचं?"

मी वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून निवडणूक आली की केंद्राची प्रमुख मीच. आबांना मी हसले नाही. सोव्हिएत काळात घरचा कर्ता असेच पासपोर्ट आणायचा, सगळ्यांचे कागद पेटीत टाकायचा आणि जाताना पोरांसाठी केंद्रावर मिळणारी संत्री घेऊन जायचा. कागदावर नावही एकच असायचं, मग तो कोण टाकतो हे कोण विचारतो? आता यंत्रावर बोट ठेवल्याशिवाय कागद मिळत नाही. तसं सांगितल्यावर आबा चिडले. "माझ्या शब्दावर अख्खं गाव विश्वास ठेवतं आणि या डबड्याचा विश्वास बसत नाही?" असं मला ऐकवून घरी गेले आणि सगळ्यांना घेऊन आले.

राष्ट्राध्यक्षपदाला दोघं उभे होते. शेरगाझी आमच्या खोऱ्यातला, आबांच्या कुळातला. दुकानदार मेल्देच्या सांगण्यावरून गावच्या म्हाताऱ्यांनी मशिदीसमोर बसून ठरवूनच टाकलं होतं की गाव एकमुखानं त्याच्यामागे. दुसरी राजधानीतली एक वकीलबाई. केंद्र उघडताच मी तिला मत देऊन मोकळी झाले होते. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

आबांची धाकटी सून आयझिरेक लग्न होऊन आठ महिन्यांपूर्वी आली. नवरा मॉस्कोत मजुरीला. आमच्याकडे नवी सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, मान खाली घालून वाकते आणि कामाला लागते. तिचं हे पहिलंच मत. कागद घेऊन ती पडद्याआड गेली आणि बाहेर येईचना. आबांनी बाहेरूनच सांगितलं, "वरचं नाव, पोरी." मी त्यांना गप्प केलं. रांग वाढत चालली. मेल्दे, ज्याच्या जिभेला हाड नाही, म्हणाला, "तोक्तोसून, तुझी सून तिकडेच नांदायला गेली का?" लोक हसले. मला मात्र तिचं कौतुक वाटलं. इतका वेळ कागद वाचलेला माणूस मी त्या केंद्रात पाहिला नव्हता.

शेवटी ती आली, कानापर्यंत लाल झालेली, आणि कागद पेटीत टाकला. आबांनी विचारलं, बरोबर दिलंस ना? ती वाकली आणि काहीच बोलली नाही. आबा तरी तिला काय बोलणार? रीत त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या दारावर आकडे लावले. शेरगाझी दोनशे अकरा, वकीलबाई एक. बाद शून्य. देशात शेरगाझी निवडून आला होता, पण दारासमोर त्याचं कोणालाच पडलेलं नव्हतं. सगळे त्या एकाकडे बघत होते. मग आयझिरेककडे. ती दोन बादल्या घेऊन विहिरीवरून येत होती.

"दहा मिनिटं आत काय करत होती ते कळलं," मेल्दे म्हणाला. "कुळाचं नाक कापलं."

अशा कारणावरून सून माहेरी पाठवल्याचं मी पाहिलेलं नाही. याहून क्षुल्लक कारणांवरून मात्र पाहिलं आहे. आयझिरेकच्या बादल्यांतलं पाणी हिंदकळत होतं. मी बोलायला हवं होतं. मतदान गुप्त असतं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते; त्या दिवशी तेच मला फार सोयीचं वाटलं.

आबा पुढे झाले. आकड्यांकडे निरखून पाहिलं.

"ते मत माझं आहे," ते म्हणाले.

मेल्देचा विश्वास बसला नाही, कोणाचाच बसला नाही. पण ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला खोटारडा कोण म्हणणार? लोक पांगले. आबा सुनेला म्हणाले, चल, चहा थंड होतोय.

मला चैन पडेना. दुपारी त्यांच्या अंगणात गेले. ते गोठ्यासमोरचा बर्फ काढत होते.

"आबा, ते मत माझं होतं."

त्यांनी फावडं थांबवलं. "मग सकाळी दातखीळ बसली होती?"

"भ्याले."

"पोरांना काय शिकवतेस मग?"

मला वाटलं, आता आबा सुटल्यासारखं हसतील, सून आपल्या शब्दाबाहेर गेली नाही म्हणून. ते हसले नाहीत. फावडं बर्फात रोवलं.

"म्हणजे तिनंही शेरगाझीलाच दिलं," ते म्हणाले. "दहा मिनिटं विचार करून."

"हो."

"आमच्या घरातल्या बाकीच्यांना मी सांगितलं म्हणून त्यांनी दिलं. मला मेल्देनं सांगितलं म्हणून मी दिलं." ते परत बर्फ काढायला लागले. "त्या शेरगाझीला आमच्या घरातून एकच खरं मत मिळालं म्हणायचं."